ठाणे खाडीवरची चार मिनिटं: उपग्रहाचं रडार आणि मुंबईची विमानं एकाच आकाशात

पार्श्वभूमी

उपग्रहावरचं उपकरण एकदा कक्षेत गेलं की त्याला पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून कॅमेरा असो वा रडार, तो आधी विमानात बसवून उडवून बघतात. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, पण त्याच्या एल आणि एस बँडच्या (रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांच्या) रडारची विमानातून उड्डाणं त्याआधी काही वर्षं झाली होती. २०२० मध्ये खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी देणारं इन-स्पेस स्थापन झालं, २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं, आणि आता हीच गरज खासगी कंपन्यांनाही पडू लागली आहे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने अवकाश व्यवसायाला साहाय्य करणाऱ्या अशा उड्डाणांची वेगळी दखल घेतली. प्रशिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी अवकाशासारखी परिस्थिती निर्माण करणारी उड्डाणं त्यात येतात. आपल्याकडे अजून तसं वेगळं नाव नाही. असं विमान सर्वेक्षण उड्डाण म्हणूनच अर्ज करतं.

प्रकरण मुंबईचं आहे. एका तरुण कंपनीने लहान उपग्रहासाठी एक्स बँडचं सिंथेटिक अपर्चर रडार बनवलं होतं, म्हणजे पुढे सरकताना मिळालेले संकेत जोडून जमिनीचं चित्र काढणारं रडार. ते तपासायला दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं एक सर्वेक्षण विमान भाड्याने घेतलं. विमान चालवणाऱ्या संस्थेच्या बाजूने हवाई क्षेत्राचं नियोजन माझ्याकडे होतं. कंपनी, वैमानिक, नियंत्रक कोणाचंही नाव इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. काळ सांगते: फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या विमानांवरची मर्यादा बदलून गेली होती, पावसाळा सरलेला होता आणि नवी मुंबईचा विमानतळ अजून सुरू झाला नव्हता. पुढच्या मजकुरासाठी या गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

अडचण

कंपनीला ठाणे खाडी हवी होती. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्याला लागून तिवरं, पलीकडे मिठागरं, मागे उंच इमारती: रडारला ओल्या, कोरड्या आणि धातूच्या पृष्ठभागांतला फरक कळतो का, हे बघायला इतक्या कमी जागेत इतकी विविधता दुसरीकडे सापडणं कठीण. शिवाय पुढे ज्यांना ही माहिती विकायची, त्यांना मुंबईचीच चित्रं बघायची होती.

आमच्याकडे आलेला पहिला नकाशा बघूनच माझ्या पोटात गोळा आला. विरारपासून रेवसपर्यंत, सुमारे ४० सागरी मैलांच्या सरळ उभ्या रेषा, एकाशेजारी एक, १५,००० फुटांवर. सोबत एक मोठा आयत, जमिनीपासून त्या उंचीपर्यंत, आणि मागणी अशी की रोज संध्याकाळी तीन तास हा आयत नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून बंद करावा.

ज्यांना मुंबईची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच चालते. बहुतेक वेळ ती २७ असते, म्हणजे पूर्व-पश्चिम पट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरलेली: विमानं पूर्वेकडून, ऐरोली-वाशीच्या बाजूने खाडी ओलांडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि समुद्राच्या दिशेने उडतात. या एका पट्टीवर तासाला चाळीसहून जास्त उतरणं-उडणं चालतं. आकाशात फेऱ्या मारत थांबणाऱ्या विमानांची संख्या आणि त्यात जळणारं इंधन बघून फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणली गेली. गर्दीचे तास ठरले सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. खासगी विमानांवरची बंदीही रोजच्या चार तासांवरून आठ तासांवर गेली.

अशा आकाशात संध्याकाळी तीन तासांचा आयत मागणं म्हणजे दिल्ली, अहमदाबाद, नागपूर, आखात या सगळ्या दिशांनी खाली येणाऱ्या विमानांपुढे भिंत घालणं. आयत मंजूर झालाच असता तर त्याचा परिणाम त्या तीन तासांपुरता राहिला नसता. दिल्लीतल्या केंद्रीय प्रवाह नियंत्रणाने देशभरच्या विमानतळांवर मुंबईची विमानं जमिनीवरच थांबवली असती, आणि रात्री उशिरापर्यंत त्याची शेपटी लांबत गेली असती.

कंपनीतले अभियंते बेफिकीर मुळीच नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे रॉकेटची उदाहरणं होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चिनी रॉकेटचा निकामी भाग खाली येत होता तेव्हा स्पेनने आकाशाचा एक पट्टा सुमारे ४० मिनिटं बंद केला आणि शेकडो उड्डाणांना उशीर झाला. मार्च २०२५ मध्ये स्टारशिपचा स्फोट झाल्यावर मायामी आणि ऑर्लँडोसारखे विमानतळ काही काळ थांबवावे लागले. अवकाशाशी संबंधित काही आलं की जागा बंद करायची, असा त्यांचा समज त्यातून झाला होता. रॉकेटच्या तुकड्यांना कोणी सूचना देऊ शकत नाही, म्हणून तिथे आयतच लागतो. आमचं विमान मात्र प्रमाणित विमान होतं. त्यात नियंत्रकाला विमानाची ओळख आणि उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर होता, रेडिओ होता, आणि “डावीकडे वळा” म्हटलं की वळणारे दोन वैमानिक होते. जे विमान ऐकतं त्याला कुंपण घालायचं नसतं. त्याला ऐकता येणार नाही अशी मिनिटं नेमकी किती, हे शोधायचं असतं. पुढचा सगळा प्रवास याच प्रश्नाचा आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच जागा बदलण्याचा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षाही मोठा आहे आणि वरचं आकाश मोकळं. तांत्रिक तपासणीसाठी तो उत्तम होता; कंपनीने तो नाकारला, कारण त्यांना मुंबईच दाखवायची होती. मी यावर जास्त जोर धरला नाही. ग्राहकाची गरज खरी असेल तर ती मान्य करून मार्ग काढायचा, हे आमचं काम.

दुसरा पर्याय रात्रीचा. रडारला सूर्यप्रकाश लागत नाही, मग मध्यरात्रीनंतर का नको? पण मुंबईला मध्यरात्रीनंतर शांतता असते हा गैरसमज आहे. आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी मोठी विमानं त्याच सुमाराला निघतात. शिवाय रडार तपासायच्या खुणा जमिनीवर ठेवणाऱ्या माणसांना अंधारात खाडीकाठी पाठवावं लागलं असतं.

तिसरा पर्याय उंची वाढवण्याचा. रडारचा परत येणारा संकेत अंतर वाढेल तसा झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झालं की संकेत निम्मा होत नाही, कित्येक पटींनी घटतो. उपग्रहासाठीच्या पूर्ण ताकदीचा प्रक्षेपक विमानात बसवलेला नव्हता. १५,००० फुटांच्या वर चित्र धूसर होणार, हे अभियंत्यांनी स्वतःच मोजून सांगितलं.

चौथा पर्याय बैठकीत कोणी उघडपणे मांडला नव्हता, तो प्रश्नांतून निघाला. मी अभियंत्यांना विचारलं, प्रत्येक रेषेला नेमकं काय लागतं ते वेगळं लिहून द्याल का? सगळ्या मोहिमेला मिळून नको, एकेका रेषेला. ओहोटी लागते का, किती लांबी लागते, किती उंची चालते, मधे तुटली तर काय बिघडतं. दोन दिवसांनी आलेला तक्ता हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद ठरला.

त्यात दिसलं की निम्म्याहून जास्त रेषांना ओहोटी लागतच नव्हती. जहाजं ओळखण्याच्या रेषा समुद्रावर कुठेही, कधीही चालणार होत्या. उत्तरेकडचा पालघर किनारा दुपारी चालणार होता. ४० मैलांची लांबी फक्त नकाशावर सुबक दिसावी म्हणून होती; चित्र जुळवायला १३ मैलांचा तुकडा पुरेसा होता. १३ मैल म्हणजे २०० नॉट वेगाने जेमतेम चार मिनिटं, आणि ४० मैल म्हणजे बारा. नियंत्रकाच्या खुर्चीतून बघा: चार मिनिटं एखादं विमान हलवू नका असं सांगितलं तर तो विचार करतो, बारा मिनिटं सांगितलं तर थेट नाही म्हणतो.

ओहोटीला बांधलेल्या रेषा उरल्या त्या फक्त मधल्या, ठाणे खाडीच्या, आणि दक्षिण टोकाच्या.

ओहोटीचं गणित

संध्याकाळच का मागितली होती, हेही त्या तक्त्याने उलगडलं. कोणीतरी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून सर्वांत खोल ओहोटीच्या तारखा निवडल्या होत्या आणि कामाच्या सोयीने संध्याकाळची वेळ घेतली होती.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित तोंडपाठ असतं. जमिनीवरच्या चमूला होडीतून नेणाऱ्या कोळी नाखवांनी ते बोटांवर करून दाखवलं: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे साडेसातच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, बाराची ओहोटी. छापील कोष्टक थोडं पुढेमागे होतं आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा उतरतं, पण हिशेबाचा गाभा पक्का आहे.

याचा अर्थ असा की मुंबईत उधाणाच्या दिवसांतली खोल ओहोटी कायम सकाळी आणि संध्याकाळीच येते. दुपारची निवांत ओहोटी मिळते ती अष्टमीच्या आसपास, आणि तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. चिखलाचा पट्टा पुरेसा उघडा पडत नाही. विमानतळाची गर्दी आणि चंद्र यांची अशी गाठ पडली होती, आणि ती सोडवणं कोणाच्याही अधिकारात नव्हतं. संध्याकाळची ओहोटी ५ ते ८ च्या गर्दीत सापडत होती. सकाळची मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे ८ च्या आधी येत होती. म्हणून पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतच्या सकाळी, पावणेसहा ते पावणेआठ, एवढीच खिडकी उरली. देशांतर्गत विमानांची पहिली फळी त्याच वेळी निघते, त्यामुळे ती रिकामी नव्हती. पण तेव्हा निघणारी विमानं जास्त आणि उतरणारी त्यामानाने कमी असतात, आणि आमच्या उपयोगाची गोष्ट नेमकी हीच होती.

निर्णायक बैठक

तक्ता घेऊन आम्ही मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाकडे गेलो. माझा स्वतःचा आराखडा असा होता: खाडीच्या रेषा शक्य तितक्या उत्तरेला, विमानतळापासून दूर सरकवायच्या. दूर असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं कोणालाही वाटेल.

तिथल्या एका अनुभवी नियंत्रक मॅडमनी नकाशा उलटा फिरवला आणि म्हणाल्या, “लांब कशाला जाताय? डोक्यावरून या.”

कारण साधं आहे. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येतं, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. पंचवीस मैलांवर ते साडेसात-आठ हजार फुटांवर असतं, वळसा घेऊन यायचं असेल तर त्याहूनही वर. म्हणजे वसई-विरारच्या आकाशात आमच्या उंचीतूनच सगळी विमानं खाली उतरत असतात. उलट, घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात उतरणारं विमान हजार फुटांच्याही खाली आलेलं असतं. तिथे १०,००० फुटांवरून कोणी सरळ गेलं तर दोघांत नऊ हजार फुटांचं अंतर राहतं. समजा उतरणाऱ्याला ऐनवेळी गो-अराउंड करावं लागलं, तरी ते पुन्हा वर येऊन जिथे थांबतं ती उंची आमच्या बरीच खाली. लॉस एंजलिसच्या विमानतळावर लहान विमानांसाठी नेमका असाच मार्ग आहे: धावपट्ट्यांच्या वरून, ३,५०० आणि ४,५०० फुटांवर, आडवा.

रडारची रचनाही याला अनुकूल निघाली. असं रडार सरळ खाली बघत नाही, बाजूला बघतं. १०,००० फुटांवरून त्याचा पट्टा विमानाच्या मार्गापासून दोन ते चार किलोमीटर बाजूला पडतो. म्हणजे खाडीवर उडायची गरजच नव्हती. खाडीच्या पश्चिमेला, कशेळीच्या बाजूने मुलुंड, भांडुप, विक्रोळीवरून घाटकोपरपर्यंत उत्तर-दक्षिण रेषा, आणि रडार पूर्वेकडे वळलेलं. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच, कारण उलट आलं तर रेषेवर येण्यासाठी ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रावरच्या निषिद्ध पट्ट्यातून यावं लागलं असतं. घाटकोपरला रेष संपली की लगेच उजवीकडे, समुद्राकडे वळण.

विरार ते रेवस या आखणीतला दक्षिणेचा तुकडा, धरमतर आणि अलिबागची बाजू, आम्ही याच बैठकीत सोडला. निघून दक्षिणेकडे वळणारी विमानं तिथे चढत असतात, आणि त्या रेषांना ओहोटीही लागत होती. दोन्ही अटी एका वेळी पाळणं अशक्य होतं.

मग अटी लिहून काढल्या. धावपट्टी २७ चालू असेल तरच उड्डाण. रेषेवर शिरण्याआधी प्रत्येक वेळी परवानगी, आणि ती मिळाली तरच चार मिनिटं अबाधित. ठरलेला एक शब्द नियंत्रकाने उच्चारला की वैमानिक रडार बंद करायची वाट न बघता ठरलेल्या दिशेला वळणार. रेडिओ बंद पडला तर ७६०० कोड लावून कोणत्या उंचीवर, कोणत्या बाजूला बाहेर पडायचं, तेही आधीच ठरलेलं. विमानात बसलेल्या अभियंत्याला “अजून दहा सेकंद” म्हणण्याचा अधिकार नाही. ही शेवटची अट मी आग्रहाने घालून घेतली. जुलै २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत रिचर्ड ब्रॅन्सन बसलेलं अवकाशयान परतताना मंजूर हद्दीच्या बाहेर १ मिनिट ४१ सेकंद होतं, आणि त्याची माहिती वेळेवर दिली नाही म्हणून अमेरिकी विमान प्रशासनाने पुढची उड्डाणं काही काळ रोखली होती. तिथे कोणाला इजा झाली नाही. पण हद्द पाळली जाईल हा विश्वास गेला की पुढच्या प्रत्येक उड्डाणाला आयतच मागितला जातो.

एक अट वैमानिकांनी घातली. नियमाने उभं अंतर १,००० फूट पुरतं. पण आमचं विमान वजनाने हलक्या वर्गातलं, आणि मोठ्या विमानामागे उठणारे भोवरे खाली उतरत येतात. त्यात सापडलं तर सुरक्षेचा प्रश्न वेगळाच, पण नुसता धक्का बसला तरी रडारचं चित्र फाटतं. म्हणून कोणतंही जड विमान वरून जाणार असेल तर २,००० फूट मागितले, आणि ते मिळाले.

बाकीच्या परवानग्या, म्हणजे नागरी विमान महासंचालनालय, संरक्षण मंत्रालय आणि प्रक्षेपणाच्या लहरींसाठी दूरसंचार विभाग, यांना वेळ लागला, पण त्यात शिकण्यासारखं एकच: रडारच्या लहरी कोणत्या पट्ट्यात आहेत आणि त्या विमानतळाच्या कोणत्याही उपकरणाच्या पट्ट्यात नाहीत, हे एका पानावर स्वच्छ लिहून सगळीकडे तेच पान द्यावं.

प्रत्यक्ष उड्डाणं

विमान मुंबईत ठेवणं शक्य नव्हतं. खासगी विमानांवरची बंदी आणि पार्किंगची टंचाई. उत्तर महाराष्ट्रातल्या एका लहान विमानतळावर ते ठेवलं. अशा ठिकाणी कामकाजाचे तास ठरलेले असतात, पहाटे उघडायला आधी अर्ज आणि शुल्क लागतं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी सरकते, त्यामुळे रोजची वेळ वेगळी; तो अर्ज महिनाभराच्या तिथी बघून एकदमच केला.

जमिनीवर कॉर्नर रिफ्लेक्टर ठेवायचे होते, म्हणजे रडारचा संकेत थेट परत पाठवणारे धातूचे त्रिकोणी कोपरे. ते कुठे आहेत हे इंचाइंचाने माहीत असल्यामुळे चित्रातली चूक मोजता येते. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीतही आहे. चिखलात काही ठेवायचा विचार आम्ही केलाच नाही. मिठागरांच्या बांधांवर, लागतील त्या परवानग्या घेऊन, ते उभे केले.

पहिल्या सकाळी दोन रेषा नीट झाल्या. तिसऱ्या रेषेवर विमान भांडुप ओलांडत असताना ठरलेला शब्द आला. निघालेल्या एका विमानाला लवकर वर चढवणं गरजेचं झालं होतं. वैमानिक तत्क्षणी वळले. मागे बसलेल्या अभियंत्याचा चेहरा पडला, पण तो एक शब्दही बोलला नाही. त्या शिस्तीबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो.

दुपारी चित्र बघितल्यावर कळलं की तुटलेल्या रेषेचा उत्तरेकडचा भाग शाबूत आहे. मात्र सगळे रिफ्लेक्टर दक्षिणेला, कांजूरमार्गच्या पुढे होते. दिशा ठरलेली असल्यामुळे रेष तुटली तर नेहमी दक्षिणेचाच भाग जाणार, आणि आमची मोजपट्टी नेमकी तिथे. संध्याकाळीच निर्णय झाला: निम्मे रिफ्लेक्टर मुलुंडच्या बाजूला हलवायचे, म्हणजे रेष सुरू होताच पहिल्या दीड मिनिटात ते टिपले जातील. हे आराखडा बनवताना सुचायला हवं होतं असं नंतर सगळेच म्हणाले. मला वाटतं ते पहिल्या तुटलेल्या रेषेशिवाय कोणाला सुचत नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो तोवर २७ चालते. जोर धरला की धावपट्टी ०९ होते, म्हणजे तीच पट्टी पूर्वेकडे तोंड करून, आणि मग सगळं उलटतं: विमानं समुद्रावरून उतरतात आणि आमच्या रेषेच्या दिशेने, पूर्वेकडे, चढत निघतात. अशी एक सकाळ आली. विमान हवेत होतं, इंधन जळत होतं, ओहोटी लागलेली होती. कंपनीने विचारलं, १०,००० च्या ऐवजी १२,००० फुटांवरून चालेल का? नियंत्रणाने विचार केला असता, कदाचित हो म्हटलंही असतं. आम्ही विचारलंच नाही. अट कागदावर होती, त्या उंचीचा अभ्यास केलेला नव्हता, आणि पहाटे हवेत बसून नवा करार करायचा नसतो. विमान उत्तरेकडे पालघरच्या बाजूला नेलं, ओहोटी न लागणाऱ्या दोन रेषा तिथे करून घेतल्या. प्रत्येक रेषेला काय लागतं हा तक्ता पुन्हा एकदा उपयोगी पडला तो इथे.

निष्पत्ती

ठरलेल्यापेक्षा जास्त सकाळी लागल्या, आणि मोहीम अमावास्येपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत लांबली. खाडीच्या सगळ्या रेषा किमान एकदा पूर्ण झाल्या. रिफ्लेक्टरच्या जागांवरून अँटेनाच्या रोखात एक लहान पण कायमचा कल सापडला. तो उपग्रहात जाण्याआधी दुरुस्त करता आला. एवढ्या एका गोष्टीने मोहिमेचा खर्च वसूल झाला असं कंपनीचं म्हणणं आहे.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. आमच्यासाठी एकही नोटॅम-आयत काढला गेला नाही. पण आमच्या चार मिनिटांत निघालेल्या काही विमानांना ८,००० फुटांवर थोडं थांबवून ठेवलं गेलं. प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटांचं जास्तीचं इंधन त्यांनी जाळलं, आणि त्यांना ते कोणासाठी हे कळलंही नाही. खालच्या उंचीवर जेट इंजिनाला जास्त इंधन लागतं, म्हणजे हा खर्च शून्य नव्हे. तो आमच्या बिलात कुठेच आला नाही. अशी उड्डाणं वाढणार असतील तर हा भार कोणी उचलायचा याचा विचार आत्ताच व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

नियंत्रणाकडे आम्ही तक्ता तयार झाल्यावर गेलो. आधी गेलो असतो तर “डोक्यावरून या” हे वाक्य आम्हाला काही आठवडे आधी मिळालं असतं, आणि रडारची बघण्याची बाजू, रेषेची दिशा, रिफ्लेक्टरच्या जागा हे सगळं त्याभोवती रचता आलं असतं. अर्धवट आराखडा दाखवायला संकोच वाटतो. पण पूर्ण आराखडा घेऊन गेलं की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं.

०९ साठीचा पर्यायी आराखडा आधीच बनवायला हवा होता. १२,००० फुटांचा प्रश्न वाईट नव्हता, त्याची वेळ वाईट होती. आठवडाभर आधी बसून त्या उंचीवर चढणाऱ्या विमानांचे मार्ग तपासले असते तर ती सकाळ वाया गेली नसती.

दक्षिणेचा तुकडा सोडण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. कंपनीतल्या काहींना वाटत नाही. त्यांचं म्हणणं, रविवारच्या पहाटे एकदा प्रयत्न करायला हरकत नव्हती. त्यांच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल की आम्ही आठवड्याच्या वारांप्रमाणे वाहतूक वेगवेगळी तपासली नव्हती.

आता मात्र तो प्रश्नच बदलला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्याची धावपट्टीही पूर्व-पश्चिमच आहे, आणि दोन्ही विमानतळांच्या वाटा एकाच आकाशात गुंफल्या आहेत. सांताक्रूझच्या डोक्यावरची मोकळी जागा नव्या विमानतळाच्या चढणाऱ्या विमानांना लागू शकते. त्याच कंपनीने पुढच्या हिवाळ्यासाठी पुन्हा विचारणा केली आहे. या वेळी त्यांनी आयत पाठवला नाही. एकेका रेषेचा तक्ता पाठवला आहे, २७ आणि ०९ चे रकाने वेगळे करून. नव्या विमानतळाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला आहे, आणि तो नियंत्रकांसोबत बसून भरायचा असं ठरलं आहे.